अक्षरांची शिदोरी

अन्नाने माणसाला बळ येते, हे सर्वांना ठाऊक आहे. शब्दांनीही बळ येते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दिवसभराच्या श्रमाने थकलेला मजूर ओळखीचे गाणे कानी पडताच ताठ बसतो. अपयशाने हिरमुसलेल्या मुलाला शिक्षकांचा एक शब्द पुन्हा पुस्तकाकडे वळवितो. कधीकधी तर दोनच शब्द साऱ्या राष्ट्राला जागे करतात. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ब्रिटिश सत्तेला या देशातून निघून जाण्यास सांगणारा ठराव संमत झाला. ‘चले जाव’ ही त्या लढ्याची घोषणा युसुफ मेहेरअली यांनी सुचविली, असे सांगतात. ते त्या वेळी मुंबईचे महापौर होते. या दोन शब्दांपायी हजारो स्त्रीपुरुष घरदार सोडून तुरुंगात गेले.

मुलांनो, शब्दांच्या अंगी हे सामर्थ्य येते तरी कोठून? शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिला जातो. सर्वजण तो वाचतात आणि बहुतेक जण विसरून जातात. मग एखादाच शब्द, एखादेच गाणे माणसाच्या मनात जन्मभर का घर करून राहते? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या उपनगरात राहून गेलेल्या एका शाहिराच्या चरित्रात सापडते. हा शाहीर घाटकोपरच्या चिरागनगरातील एका झोपडीत राहत असे. त्यांचे नाव अण्णाभाऊ साठे.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. वाळवे तालुक्यातील हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. त्यांचे मूळ नाव तुकाराम, वडिलांचे भाऊराव व आईचे वालुबाई. ज्या मातंग समाजात ते जन्मले, त्या समाजाला त्या काळी गावकुसाबाहेर राहावे लागे. सार्वजनिक पाणवठा त्यांच्यासाठी नव्हता. देवळाचे दार त्यांना बंद होते. शिवाय इंग्रज सरकारने अनेक जाती-जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारणारा एक कायदा केला होता. निरपराध माणसांना त्या कायद्याचा जाच होई. हाती कसब आणि अंगी धैर्य असूनही या समाजाच्या नशिबी अपमान आणि दारिद्र्यच होते.

अशा घरातील मुलगा शाळेत गेला, परंतु तेथे तो रमू शकला नाही. जेथे मुलाला जवळ घेतले जात नाही, तेथे विद्याही त्याच्यापाशी येत नाही. एकदोन दिवसांतच त्याची शाळा सुटली आणि ती कायमची. पाटीवर अक्षर उमटण्यापूर्वीच पाटी हातातून गेली. परंतु त्याचे कान उघडे होते. गावातील पोवाडे, लावण्या, ओव्या, पराक्रमी पूर्वजांच्या गोष्टी हे सारे तो ऐकत होता. ऐकलेले त्याच्या स्मरणात पक्के बसत होते. वाटेगावने त्याला लिहायवाचायला शिकविले नाही, पण ऐकायला शिकविले.

पुढे गावात पोट भरणे अशक्य झाले आणि साठे कुटुंबाने मुंबईची वाट धरली. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून सर्वजण पायी निघाले. वाटेगावापासून मुंबई तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वाटेत मिळेल ते काम करावे, मिळेल ते खावे आणि पुन्हा चालू लागावे, असा तो प्रवास होता. त्या वेळी अण्णाभाऊ अकरा-बारा वर्षांचे, म्हणजे तुमच्याच वयाचे असतील. पाठीवर बोचके होते, पण शिदोरी म्हणावी असे त्यात फारसे काही नव्हते. खरी शिदोरी त्यांच्या कानांत साठविलेली होती. तिची किंमत पुढे कळावयाची होती.

मुंबईत आल्यावर अण्णाभाऊंनी हमाली केली, ओझी वाहिली, गिरणीत काम केले. पडेल ते काम करावे आणि घरी हातभार लावावा, हाच त्यांचा दिनक्रम झाला. परंतु या शहरात त्यांना एक अद्भुत गोष्ट आढळली. येथे जिकडे पाहावे तिकडे अक्षरे होती. दुकानांवर पाट्या होत्या, भिंतींवर चित्रपटांच्या जाहिराती होत्या, नाक्यानाक्यावर सभांची पत्रके चिकटविलेली होती. ज्या अक्षरांनी शाळेत त्यांच्याकडे पाठ फिरविली होती, तीच येथे रस्त्यावर त्यांच्यासमोर उभी होती. त्यांना पाहण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती, कोणी दूर बस म्हणत नव्हते. अण्णाभाऊ त्या पाट्या न्याहाळू लागले. माहितीच्या माणसांना विचारू लागले. ‘हे अक्षर कोणते? ते कोणते?’ असे करता करता अक्षराला अक्षर जुळले, शब्द उलगडला आणि हा कामकरी मुलगा वाचू लागला.

अक्षर ओळखता येणे ही एक गोष्ट, आणि अक्षरांत आपले जीवन दिसणे ही दुसरी. मुंबईतील कामगारांच्या सभा, मिरवणुका व संप यांच्याशी अण्णाभाऊंचा संबंध आला. आपण भोगतो ते दुःख केवळ आपल्या नशिबाचे नाही. ते लाखो माणसांचे आहे आणि ते दूर करता येण्याजोगे आहे, ही गोष्ट त्यांना प्रथमच उमगली. अधूनमधून ते गावी परतले. तेथे नात्यातल्या तमाशाच्या फडात त्यांनी काम केले. १९४२ च्या चळवळीतही ते सामील झाले. फडात त्यांना रंगमंच कळला, तर चळवळीत त्या रंगमंचावरून काय बोलावे हे कळले.

पुस्तके वाचता येऊ लागल्यावर रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की यांच्या साहित्याची त्यांना विशेष ओढ वाटली. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. १८६८ साली जन्मलेल्या गॉर्कींनाही शाळा फारशी लाभली नव्हती. लहानपणीच पोरके झालेले गॉर्की कधी चपलांच्या दुकानात, कधी बेकरीत, तर कधी व्होल्गा नदीवरील बोटीत भांडी घासण्याचे काम करीत असत. त्या बोटीवरील एका आचाऱ्याने त्यांना पुस्तकांची गोडी लावली. हजारो कोस दूरच्या, परक्या भाषेतील या लेखकाच्या शब्दांत वाटेगावच्या तरुणाला आपलीच कहाणी ऐकू आली. पाहा, चांगल्या शब्दाला प्रांताची सीमा आड येत नाही आणि भाषेचा डोंगरही अडवीत नाही!

१९४४ साली अण्णाभाऊंनी शाहीर अमर शेख व शाहीर द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन केले. अमर शेख मूळचे बार्शीचे. त्यांनीही मजुरीचे कष्ट सोसले होते. त्यांचा आवाज पहाडी होता. अण्णाभाऊंची रचना आणि अमर शेखांचा आवाज यांची जोड जमली, की मैदानावर जमलेल्या हजारो श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहत.

शाहिराचे गाणे कसे चालते, हे येथे समजून घेतले पाहिजे. शाहीर डफावर थाप मारून कथानक पुढे नेतो. शेजारी तुणतुणे वाजत असते. मागे उभे असलेले झीलकरी प्रत्येक कडव्याच्या अखेरीस धृपदाची ओळ उचलतात. ती ओळ पुन्हापुन्हा येते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळी श्रोतेही नकळत ती गाऊ लागतात. गाणे संपते तेव्हा ते एकट्या शाहिराचे राहिलेले नसते. ते साऱ्या मैदानाचे झालेले असते. ज्याला वाचता येत नाही, तोही ते बरोबर घेऊन घरी जातो. ज्या काळी असंख्य कामगार निरक्षर होते, त्या काळी वर्तमानपत्र जेथे पोहोचत नसे तेथे पोवाडा पोहोचत असे.

दुसऱ्या महायुद्धात रशियातील स्टालिनग्राड शहराने शत्रूशी निकराची झुंज दिली. १९४३ च्या फेब्रुवारीत शत्रूला शरण यावे लागले. त्या झुंजीवर अण्णाभाऊंनी पोवाडा रचला. त्यांनी ते शहर पाहिलेले नव्हते. परंतु आपले घर आणि आपला कारखाना वाचविण्यासाठी सामान्य माणसे कशी लढत असतील, याची कल्पना मुंबईच्या कामगाराला करून द्यावी लागत नव्हती. शिवरायांच्या मावळ्यांचे पराक्रम ज्या छंदात गायिले गेले, त्याच छंदात दूरदेशीच्या कामगारांचा पराक्रम गायिला गेला आणि तो ऐकणाऱ्यांना मुळीच परका वाटला नाही.

अण्णाभाऊंनी तमाशालाही नवे रूप दिले. तमाशाच्या आरंभी गणाचे व गौळणीचे गायन होत असे. अण्णाभाऊंनी त्याऐवजी मायभूमी, शिवछत्रपती व श्रमणारी जनता यांना वंदन केले. शेतकऱ्यांची व कामगारांची सुखदुःखे त्यांनी या खेळांत आणली. हाच प्रकार पुढे ‘लोकनाट्य’ या नावाने ओळखला जाऊ लागला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात तत्कालीन मुंबई सरकारने त्यांच्या कलापथकाच्या खेळांवर बंदी घातली. खेळ बंद करता येतो, डफ जप्त करता येतो; पण लोकांच्या ओठी बसलेले शब्द कोण जप्त करणार?

या सुमारास अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात राहत असत. भोवती हमाल, फेरीवाले, गिरणी कामगार अशी हातावर पोट असलेल्या माणसांची वस्ती होती. जागा इतकी लहान, की लेखकाला हवा असतो तो एकान्त तेथे मिळणे शक्यच नव्हते. परंतु त्याच वस्तीत बसून अण्णाभाऊंनी पुष्कळ लेखन केले. त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. कथा, लोकनाट्ये, पोवाडे व गीते निराळीच. त्यांच्या एका कथासंग्रहाचे नावच ‘चिरागनगरची भुतं’ असे आहे. इतरांना जेथे केवळ चिखल आणि गर्दी दिसत होती, तेथे त्यांना माणसे दिसत होती.

१९५९ साली त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दुष्काळात अन्नावाचून तडफडणाऱ्या आपल्या माणसांना जगविण्यासाठी इंग्रज सत्तेशी झुंजणाऱ्या एका शूर पुरुषाची ही कथा आहे. वाटेगावात लहानपणी कानांवर पडलेल्या गोष्टींचे बळ या कादंबरीमागे उभे आहे. कानांत साठविलेली ती शिदोरी येथे उपयोगी पडली! हे पुस्तक अण्णाभाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केले. अर्पण केले ते व्यक्तीच्या नावाला नव्हे, तर तिच्या हातातील लेखणीला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या लेखणीने कोट्यवधी माणसांना स्वाभिमान दिला, तिचे ऋण दुसऱ्या एका लेखणीने या रीतीने मान्य केले. १९६१ साली महाराष्ट्र शासनाने या कादंबरीला पुरस्कार देऊन तिचा गौरव केला.

याच दशकात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहिली होती. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे आणि मुंबई त्याची राजधानी असावी, ही या चळवळीची मागणी. तिच्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण वेचले. या चळवळीच्या सभांत अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड फार गाजली. पोटासाठी मुंबईत आलेला एक गडी गावी राहिलेल्या आपल्या प्रिय पत्नीच्या आठवणीने व्याकूळ होतो, अशी तिची सुरुवात आहे. ऐकणाऱ्या हजारो कामगारांची घरची माणसेही अशीच गावी राहिलेली होती. प्रत्येकाला वाटे, ही तर माझीच गोष्ट! आणि श्रोत्यांचे मन असे हळवे झाले असता शाहीर सांगतो, की अशीच ताटातूट आज मराठी भूमीच्या वाट्याला आली आहे. बेळगाव, कारवार यांसारखे तिचे अवयव तिच्यापासून दूर राहिले आहेत. घरचे दुःख आणि देशाचे दुःख या गाण्यात एक होऊन जाते. नकाशा समजावून सांगणारी भाषणे पुष्कळ झाली असतील. परंतु या छक्कडीने नकाशावरची रेघ माणसाच्या काळजावर उमटविली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यामागे अनेक नेत्यांचे व हुतात्म्यांचे श्रम होते, तसेच शाहिरांच्या डफाचे बोलही होते.

अण्णाभाऊंचा एक विचार आजही भाषणांतून व लेखांतून वारंवार उद्धृत केला जातो. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले होते. तेथे त्यांनी तो मांडला. पृथ्वीचा भार शेषनागाने मस्तकावर तोलून धरला आहे, अशी पुराणातील कल्पना आहे. अण्णाभाऊंनी तो मान शेषनागाकडून काढून घेतला आणि राबणाऱ्या, पददलित माणसांच्या तळहातांना दिला. असा विचार पुस्तके चाळून सुचत नाही. ज्याने स्वतः ओझे वाहिले आहे आणि ज्याचे तळहात स्वतःच्या श्रमाने घट्टे पडून राठ झाले आहेत, त्यालाच तो सुचतो. म्हणूनच तो ऐकणाऱ्याला खरा वाटतो.

१९६१ साली अण्णाभाऊंना सोव्हिएत रशियाला जाण्याची संधी मिळाली. लहानपणी पायी मुंबई गाठणारा हा माणूस विमानाने गॉर्कींच्या देशात गेला. त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकात केले आहे. परंतु कीर्ती मिळाली तरी दारिद्र्य हटले नाही. आयुष्याच्या अखेरीस ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहावयास गेले आणि तेथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. ज्याने इतरांना इतके दिले, त्याला जिवंतपणी त्याचे योग्य ते माप मिळाले नाही, ही खेदाची गोष्ट होय. पुढे २००२ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि २०२२ साली मॉस्को शहरातील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्याला गावच्या शाळेत जागा मिळाली नाही, त्याला जगातील एका थोर ग्रंथालयात जागा मिळाली.

मुलांनो, आता पहिल्या प्रश्नाकडे वळू या. शब्दाला बळ कोठून येते? ते शब्दाच्या सौंदर्यातून येत नाही, आणि तो कितीदा लिहिला यावरूनही येत नाही. बोलणाऱ्याने तो आपल्या जीवनाने सिद्ध केलेला असतो, म्हणून त्यात बळ येते. आणि ऐकणारा त्याप्रमाणे एक पाऊल तरी टाकतो, म्हणून ते टिकते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या वहीत आवडती सुवचने लिहिलेली असतील. ती अवश्य लिहावी. पण प्रत्येक सुवचनाबरोबर आपल्या मनाला दोन गोष्टी विचाराव्या. हे कोणाच्या कष्टातून जन्माला आले? आणि याच्यामुळे उद्या माझ्या हातून काय घडणार आहे? या दोन प्रश्नांना ज्याचे उत्तर मिळेल, ते सुवचन वहीतून निघून तुमच्याबरोबर चालू लागेल. अक्षरांची शिदोरी अशी आहे, की ती वाटेत वाटली तरी सरत नाही. उलट वाढतच जाते.

अभ्यास

१. गावच्या शाळेत न मिळालेली अक्षरे अण्णाभाऊंना मुंबईत कशी मिळाली?
२. गॉर्की व अण्णाभाऊ यांच्या जीवनांत कोणते साम्य आढळते?
३. शाहिराचे गाणे साऱ्या मैदानाचे कसे होते, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. ‘नकाशावरची रेघ माणसाच्या काळजावर उमटविली’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. पुढील शब्दप्रयोग आपल्या वाक्यांत योजा : घर करून राहणे, पाठ फिरविणे, हातावर पोट असणे, रोमांच उभे राहणे, प्राण वेचणे.
६. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना कठीण प्रसंगी कोणत्या गाण्याने किंवा वचनाने धीर दिला, ते त्यांना विचारा आणि ती हकीकत दहा ओळींत लिहा.